फ्रिजवरची चिठ्ठी, एल्डनसाठी

चावी तुझ्याकडे आहेच. बूट दारातच काढ,
तळव्यांना चिकटून रस्त्यावरचं मीठ घरात येतं.
ते मीठ वेगळं, टाकीतलं वेगळं.
आधी एवढं ध्यानात ठेव.

पाणी रोज बोटभर उडतं.
उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच बसून राहतं
जेवण झालं तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखं.
म्हणून निळ्या झाकणाच्या कॅनमधलं गोडं पाणी घाल,
काचेवर टेपची पट्टी आहे तिथपर्यंत. खारं नाही.
शंका आली तर काहीच घालू नकोस, फोन कर.
गुरुवारी सकाळी मात्र मी उचलणार नाही.

कॅनोला दिवसभर चरते.
(ती की तो, नऊ वर्षांत मला कळलेलं नाही. ती म्हणते.)
माशाच्या कातड्यातली शेळीच ती.
नोरीचं पान घे, साधं, तेलमीठ न लावलेलं,
तळहाताएवढं फाड, क्लिपमध्ये अडकव.
कात्री शोधत बसू नकोस, तिला कडा फाटक्याच आवडतात.
मग बाजूने बघ. पोट आत गेलेलं दिसलं,
रिकाम्या खिशासारखं, तर दुसरं पान दे.
समोरून बघून काही कळत नाही,
समोरून ती फक्त एक पिवळी रेघ असते.

शेपटीच्या मुळाशी तो पांढरा ठिपका दिसतो ना,
ते पातं आहे. मिटलेलं.
म्हणून या जातीला सर्जन मासा म्हणतात.
हात घालू नकोस. जाळीने तर धरूच नकोस, पातं जाळीत गुंततं
आणि दोघांचंही नुकसान होतं. माझ्या अंगठ्यावर खूण आहे.
रेजायनाच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं.
ते हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले,
"टाके घालते का ती?"

अंगावर साखर भुरभुरल्यासारखं काही दिसलं
तर तू औषध शोधू नकोस.
तांब्याचा एक थेंब या टाकीत पडला
की गोगलगायी गेल्या, प्रवाळ गेलं.
मेडिसिन हॅटच्या वासिल ह्नाट्युकला फोन कर,
नंबर खाली आहे, तो रात्रीसुद्धा उचलतो.

वीज गेली तर: आधी हवा, मग ऊब.
बॅटरीचा पंप लाव, मग काचेभोवती माझी गोधडी.
बाहेर उणे चौतीस आहे आणि आत पंचवीस,
मध्ये दोन भिंती आणि एक बिल आहे.

आपल्या गावाचं नाव स्विफ्ट करंट, वेगाचा प्रवाह.
ओढ्यात उन्हाळ्यात बदकं चालत जातात!
तिला मात्र खरंच प्रवाह लागतो.
डावा पंप घरघरला तर त्याला हलकी टपली मार.

एक गोष्ट तुला सांगायची होती, तोंडी जमली नाही.
टाकी चार फुटांची आहे. तिला ती पुरत नाही,
कधीच पुरत नव्हती. आणली तेव्हा ती बिस्किटाएवढी होती
आणि मी वाढीचा हिशेब केला नाही.
चार फूट, वळण, चार फूट, वळण.
रोज बघते आणि रोज नोरी लावते.
वासिलकडे आठ फुटांची आहे.
मला यायला उशीर झाला, म्हणजे बराच उशीर झाला,
तर तो व्हॅन घेऊन येईल. त्याला दार उघड.
डबा पाण्यात बुडवून तिला त्यातच शिरू दे,
घाई केली तर ती पातं उघडते.
ती अजून वीस वर्षं जगू शकते. तेव्हा तू तिशी ओलांडलेला असशील.

आणि रात्री दिवा लावून बघू नकोस.
अंधारात तिचा पिवळा उतरतो, तपकिरी डाग येतो,
अंगावर फिकट पांढरा पट्टा उठतो,
खडकाच्या फटीत तिरकी, जवळजवळ आडवी पडते.
पहिल्या वर्षी मी तीनदा रडले.
ती झोपलेली असते.

पाव डब्यात आहे. लोणी बाहेरच ठेव.